खंडेनवमीच्या थराखालचं अक्रोड : जुन्या लष्करी रायफलीच्या दस्त्याला मूळ रूप देताना

धाराशिव-लातूरकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात देवघराशेजारी टांगलेली ठासणीची रायफल उतरवून घ्यावी आणि दस्त्यावरून नख ओढावं, तर नखात काळपट, मेणचट असं काहीतरी येतं. दरवर्षी खंडेनवमीला लावलेलं गोडंतेल, हळद, कुंकू, उदबत्तीचा धूर, चुलीची काजळी आणि कधीकाळी घरच्या लग्नाच्या रंगकामात रंगाऱ्यानं मारलेला व्हार्निशचा हात, असं सगळं त्यात असतं. घरची माणसं म्हणतात, "एवढं पॉलिश करून नवी करून द्या." मी त्यांना आधी खाली बसवतो आणि सांगतो की ही नवी करायची वस्तू नाही.

इंग्रजी फौजेच्या दस्त्यांवर पॉलिशचा थर नसायचाच. अक्रोडाचं लाकूड आणि त्यात मुरवलेलं जवसाचं तेल, एवढाच मूळ फिनिश. तो लाकडाच्या वर बसत नाही, आत असतो. म्हणून आपलं काम दोनच गोष्टींचं: मागाहून चढलेलं परकं काढायचं आणि दीडशे वर्षांत सुकलेल्या लाकडाला थोडं जवस परत द्यायचं. त्यातही पहिल्या भागाला नव्वद टक्के वेळ जातो. आणि जवस तर आपल्याच रानातला. ज्या घरात जवसाची चटणी रोज ताटात असते, तिथे या कामासाठी बाहेरून फारसं काही आणावं लागत नाही.

आपल्याकडे सापडणाऱ्यांत बऱ्याच बंदुका १८५३ च्या एनफिल्ड नमुन्याच्या किंवा त्यावरून बेतलेल्या असतात: पूर्ण लांबीचा अक्रोडी दस्ता, नळी धरून ठेवणाऱ्या तीन कड्या, खांद्याला टेकणारी पितळी तळपट्टी, स्फोटक टोपीवर पडणारा घोडा. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबादेत हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांखालच्या निजामाच्या फौजेची, छावणी होती, आणि १८५७ च्या जूनमध्ये तिथल्या घोडदळानं बंडही केलं. असल्या मुलखात घराघरांतून लष्करी लाकूड-लोखंड उरलं यात नवल नाही. बंदूक रिकामी असल्याची खात्री झाल्यावरच (ती कशी करायची ते पुढे येतं) नळीत डोकावून आटे, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, दिसतात का ते जरूर पाहा. १८५७ नंतर हिंदी शिपायांच्या हाती मुद्दाम बिनआट्याच्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या गेल्या. आटे नाहीत म्हणजे बंदूक नकली, असं समजू नका.

हात लावण्याआधी

कागदपत्रं पाहा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुनाट पद्धतीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्रांना सवलत आहे, पण ती दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येत नसतील तरच. 'दुरुस्त करूनही' हे शब्द लोक वाचतच नाहीत. नुसता घोडा तुटलाय किंवा निपल (टोपी बसते ती बारीक नळी) गंजलंय एवढ्यानं ती सवलतीत बसत नाही, आणि बसते की नाही हे आपण घरी ठरवायचं नाही. परवाना आजोबांच्या नावावर होता आणि आजोबा वारले, तर कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, मग वारसानं आपल्या नावावर परवाना मागायचा. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत एक चक्कर मारली की चित्र स्पष्ट होतं. हे होईपर्यंत तेलाची बाटली उघडू नका. आणि कागद नीट असले तरी बंदूक पोत्यात गुंडाळून सुताराच्या दुकानात न्यायची नाही. सुताराला घरी बोलवा, काम मालकाच्या डोळ्यांदेखत होऊ द्या. शंभर वर्षांपलीकडची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, त्यामुळे परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवण्याचा विचारही मनात आणू नका.

दुसरी गोष्ट जिवाची. ठासणीच्या बंदुका भरलेल्या सापडतात. शेवटच्या माणसानं शिकारीला निघताना भरली, शिकार मिळाली नाही, घरी येऊन टांगली आणि तशीच राहिली. काळी दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षांनी पेट घेते. म्हणून गज (दारू ठासायची सळई) नळीत अलगद सोडा, तोंडापाशी खडूनं खूण करा, बाहेर काढून नळीच्या बाहेरून त्याच खुणेपर्यंत धरा. गजाचं टोक निपलच्या आसपास यायला हवं. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. ते कुंभारमाशीचं मातीचं घर असेल, चिंधी असेल, नाहीतर दारू आणि गोळी. उकरून बघायचं नाही, पाणी ओतायचं नाही, तोंडासमोर उभं राहायचं नाही. तिथेच थांबून पोलीस ठाण्याला कळवा. परवानाधारक बंदूक कारागिरानं ती मोकळी केल्याशिवाय पुढचं एकही पाऊल टाकू नका.

लाकूड मोकळं करणं

आधी चारी बाजूंनी फोटो काढा. तिरप्या उजेडात, म्हणजे खिडकीपाशी बंदूक आडवी धरून काढलेले फोटो सगळ्यात कामाचे, कारण पुसट शिक्के त्यातच दिसतात. दस्त्याच्या उजव्या गालावर गोल शिक्का, कुठे मुकुट, कुठे आकडे, कुठे पलटणीची खूण असते. कुलुपाच्या, म्हणजे घोडा चालवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर मुकुट धरलेला उभा सिंह दिसला तर ती कंपनी सरकारच्या काळातली समजावी. हे शिक्के म्हणजे त्या लाकडाचा जन्मदाखला.

मी हे काम शिकत होतो तेव्हा एका दस्त्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवला होता. हाताला लोण्यासारखं लागायला लागलं आणि मी खुशीत होतो. संध्याकाळी फोटो पाहिले तेव्हा कळलं की सकाळी दिसणारा गोल शिक्का आता नाही. तो परत आणता येत नाही. त्या दिवसापासून माझ्या पेटीत दस्त्यासाठी पॉलिश पेपर नाही. शिक्का जातो हे एक. दुसरं असं, की लाकूड मूळचं पितळी तळपट्टीपेक्षा आणि कुलुपाच्या पट्टीपेक्षा केसभर उंच बसवलेलं असतं. घासलं की ते पितळेच्या खाली जातं, आणि जाणकाराला दहा फुटांवरून कळतं की हिला कुणीतरी तासलंय.

उकलण्याचा क्रम असा. घोडा अर्ध्या खटक्यावर ठेवा. कुलुपाच्या विरुद्ध बाजूचे दोन स्क्रू चार-पाच आटे सैल करा, त्यांच्या डोक्यावर लाकडी मुठीनं हलके ठोका, म्हणजे कुलूप समोरून आपोआप उचलून येतं. पटाशीनं उचकटलं की कडेचं लाकूड चिरफाळलंच. मग गज काढा, तिन्ही कड्यांचे स्क्रू सैल करून कड्या तोंडाकडे सरकवत काढा, आणि ज्या क्रमानं निघाल्या त्या क्रमानं दोऱ्यात ओवून ठेवा. शेवटी नळीच्या बुडाचा मोठा स्क्रू. तो निघाल्यावर बंदूक गोधडीवर उलटी धरून दस्त्यावर तळहातानं थाप मारा, नळी स्वतःच्या वजनानं खाली येते. जुन्या स्क्रूंच्या खाचा अरुंद असतात, म्हणून पेचकस कानशीनं घासून खाचेत गच्च बसेल असा करून घ्या. तळपट्टी हलत नसेल तर तशीच राहू द्या.

शाळेत किंवा संस्थेत शोभेला ठेवलेली थ्री-नॉट-थ्री हाताशी आली तर एक इशारा. तिचा मागचा दस्ता आधी फिरवायचा नाही. त्याच्या आतल्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. ते फिरलं की पुढचं लाकूड उभं फुटतं. आधी पुढचं लाकूड काढायचं, मगच मागचं.

वर काय चढलंय ते ओळखणं

दिसणाऱ्या जागी प्रयोग करू नका. तळपट्टीजवळचा खालचा कोपरा किंवा कडीखालची जागा निवडा. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन मिनिटभर टेका. चिकट झालं आणि बोळ्यावर तांबूस रंग आला तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटनं काही झालं नाही पण थिनरनं विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद नाही आणि नखानं पापुद्रा उडतो, तर व्हार्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश). आणि टर्पेंटाइननं काळं पाणी सुटलं तर नशीब चांगलं, तो नुसता तेलाचा आणि काजळीचा थर आहे.

खरं तर मराठवाड्यातल्या बहुतेक दस्त्यांवर हे थर एकावर एक असतात, म्हणून प्रत्येक थर गेल्यावर चाचणी पुन्हा करायची. लाख स्पिरिटनं जाते: फडकं भिजवून हातभर भागावर ठेवायचं, दोन मिनिटांनी गोणपाटाच्या तुकड्यानं रेषेच्या दिशेनं पुसायचं, फडक्याची बाजू सारखी बदलायची. व्हार्निशला पेंट रिमूव्हर लागतो. तो अंगणात, हातमोजे घालून, वारा पाठीमागून येईल असं बसून वापरा, आणि खरवडायला लोखंडी पाती न घेता बांबूची चीप घ्या. तिचं टोक हवं तसं तासता येतं आणि लोखंडापेक्षा ती मऊच असते.

पूजेचा थर ही आपल्याकडची खास अडचण. गोडंतेल, तिळाचं तेल, खोबरेल कधी धड सुकत नाही. ते चिकट राहतं, धूळ धरतं आणि खवट होतं. त्यासाठी टर्पेंटाइन आणि कच्चं जवस तेल समसमान मिसळा, सुती फडक्यानं लावा, दहा मिनिटांनी पुसा. पहिली दोन-तीन फडकी डांबरासारखी काळी निघतील. घाबरायचं कारण नाही, आणि एका दिवसात उरकायचंही कारण नाही. कोपऱ्यांतला मळ बांबूच्या काडीनं काढा. हळदीचे पिवळे डाग स्पिरिटनं फिके होतात आणि उरलेले चार दिवसांच्या उन्हात आपोआप उडतात, कारण हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. साबण-पाण्यानं दस्ता धुवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

आत खोल मुरलेलं तेल, विशेषतः कुलुपाच्या खाचेत आणि मनगटाच्या, म्हणजे दस्ता मुठीत धरतात त्या बारीक, भागात, पुसून निघत नाही. तिथे मुलतानी माती कामाला येते. माती टर्पेंटाइनमध्ये कालवून शिऱ्याइतकी घट्ट करा, बोटभर जाड थापा, वर काळी प्लास्टिकची पिशवी बांधा आणि दुपारी दोन तास उन्हात ठेवा. उष्णतेनं तेल पातळ होऊन वर येतं आणि माती ते शोषून घेते. खडूची भुकटीही हेच काम करते, पण ती लाकडाच्या छिद्रांत पांढरी दिसत राहते. आपला मे महिना यासाठी नको. बेचाळीस अंशांच्या उन्हात सुकलेल्या दस्त्याला चीर जाऊ शकते. फाल्गुनातलं ऊन पुरे.

कुठे थांबायचं, हा सगळ्यात अवघड प्रश्न. फडक्यावर काळं येणं थांबून चहाच्या रंगासारखं तपकिरी यायला लागलं, लाकडाच्या रेषा दिसायला लागल्या, पण हाताला अजून गुळगुळीत लागतंय, तिथे थांबा. ती तपकिरी झाक म्हणजेच जुनं, हवेनं पक्कं झालेलं जवस. तोच मूळ फिनिश. शिपायाचा हात जिथे रोज पडायचा ती मनगटाची जागा आजूबाजूपेक्षा गडद असते. ती सारखी करायला जाऊ नका.

खोचे, चिरा, डाग

दबलेला खोचा वाफेनं उठतो. ओलं सुती फडकं घडी करून ठेवा, गरम इस्त्रीचं टोक चार-पाच सेकंद टेकवा, गरजेप्रमाणे पुन्हा करा. तंतू तुटलेले असतील तर उठणार नाही, मग तो तसाच राहू द्या. शिक्क्याच्या दोन इंच परिसरात मात्र वाफ नेऊ नका. शिक्का म्हणजेही दाबलेले तंतू, वाफेनं तोही उठून पुसट होतो. शिवाय प्रत्येक खोचा मिटवायची हौस करू नये. कोणत्या कोटाच्या दगडावर आपटून तो पडला, हे आपल्याला कुठे ठाऊक आहे?

चीर बहुतेक वेळा मनगटात किंवा कुलुपाच्या मागच्या स्क्रूपासून निघते. चिकटवण्याआधी तिच्यातलं तेल निघालंच पाहिजे, नाहीतर कुठलाही गोंद धरत नाही. चीर अलगद उघडून थिनरनं धुवा, दिवसभर सुकू द्या, पातळ इपॉक्सी आत जिरवा आणि सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी ताणून गुंडाळा. गोल, वाकड्या लाकडावर ट्यूबसारखा शिकंजा नाही. बाहेर आलेला इपॉक्सी ओला असतानाच स्पिरिटच्या फडक्यानं टिपा.

लोखंडाभोवतीचे निळसर काळे डाग म्हणजे गंज आणि लाकडातल्या तुरट द्रव्याचा संयोग. फरशी पॉलिशवाल्यांकडे मिळणाऱ्या ऑक्झॅलिक पावडरीनं ते जातात, पण ती विषारी असते आणि आजूबाजूचं लाकूडही फिकं करते. कडीखाली झाकले जाणारे डाग मी सोडून देतो. बारीक छिद्रांतून ताजा पिवळा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे. आधी तिचा बंदोबस्त, मग तेल.

कधी साफ केल्यावर कळतं की दस्ता अक्रोडाचा नाहीच. मूळचा मोडला आणि गावच्या सुतारानं शिसवाचा, सागाचा नाहीतर बाभळीचा करून बसवला. तो फेकून अक्रोडाचा शोधू नका. त्या सुताराचं कामही आता जुनं झालंय. एवढंच ध्यानात ठेवा, की शिसव आणि साग मुळात तेलकट, त्यांच्यावर जवस फार सावकाश सुकतं. दोन हात पुरेत.

जवस

तेल घाण्याचं, कच्चं, काही न मिसळलेलं घ्या. जवस हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, म्हणूनच शेकडो वर्षं ते लाकडाला आणि चित्रांच्या रंगांना वापरलं गेलं. करडईही आपलीच आणि थोडीफार सुकणारी, पण फार हळू आणि मऊ राहते. शेंगदाणा, तीळ, मोहरी अजिबात नको. रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' म्हणून मिळतं ते लवकर सुकतं, कारण त्यात धातूंची सुकवणारी द्रव्यं असतात. घाई असेल तर चालेल, पण फौजेच्या दस्त्यांत मुरायचं ते कच्चं, आणि मी कच्च्यावरच थांबतो.

ताज्या तेलात चिकट गाळ असतो. काचेच्या बाटलीत भरून खिडकीत तीन-चार आठवडे ठेवा, गाळ तळाशी बसला की वरचं निवळ तेल दुसऱ्या बाटलीत घ्या. एका पूर्ण दस्त्याला दीडशे मिलीपेक्षा जास्त क्वचितच लागतं.

पहिला हात टर्पेंटाइनशी समसमान मिसळून, म्हणजे आत उतरतो. पुढचे हात निव्वळ तेलाचे. बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून तेल कोमट करा, थेट आचेवर नाही. तळहातावर चमचाभर घ्या आणि वीतभर भागात चोळत राहा, तळहाताला ऊब जाणवेपर्यंत. ब्रश नको. ऊब आणि दाब हाताचाच लागतो. नळीच्या खाचेत आणि कुलुपाच्या खळग्यातही एक पातळ हात द्या. जिथे लाकडाचे तंतू उभे कापलेत तिथे तेल जास्त ओढलं जातं, तिथे दोनदा द्या.

वीस मिनिटांनी सगळं पुसून काढा. सगळं म्हणजे सगळं, कोरडं फडकं अडखळणार नाही इतकं. पृष्ठभागावर राहिलेलं तेल चिकट पापुद्रा होतं आणि मग पुन्हा टर्पेंटाइनपासून सुरुवात करावी लागते. फाल्गुन-चैत्रात एक हात सुकायला चार-पाच दिवस, श्रावणात दोन आठवडेही. बोट दाबून ठसा उमटत नाही तोवर पुढचा हात नाही. पाच ते सहा हात म्हणजे महिना-सव्वा महिना. शेवटी दस्त्यावर उजेड पडला तर मऊ झळाळी दिसावी, नव्या ताटासारखी चकाकी दिसली तर तेल जास्त झालं.

रंग लावू नका. काहीजण जवसात रतनज्योतीची साल भिजवून लाल तेल करतात. विलायती शिकारी बंदुकांवर तसल्या लाल तेलाची पद्धत होती, लष्करी दस्त्यावर ते शोभत नाही. तरी करायचंच असेल तर मसाल्याच्या दुकानातली, तर्रीला रंग देणारी साल मागा. मोगली एरंडालाही काही ठिकाणी रतनज्योत म्हणतात, आणि ते विषारी आहे.

आता फडक्यांबद्दल, आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. जवस सुकताना उष्णता सोडतं. तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकलं तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि कुणी काडी न लावताही ते पेटतं. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, कडब्याच्या गंजीशेजारी, हे किती भयंकर आहे ते सांगायला नको. वापरलेलं प्रत्येक फडकं अंगणात दगडावर एकेरी पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.

पितळेला पावडरनं चकचकीत करू नका. कडेचा हिरवा चिकट थर बांबूच्या काडीनं आणि केरोसीनच्या बोळ्यानं काढला की झालं. लाकूड पूर्ण सुकल्यावरच नळी परत बसवा, नाहीतर जवस तिला खाचेत चिकटवून टाकतं. स्क्रू गच्च पिळू नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला जागा लागते.

टांगताना दोन खुंट्यांना जुन्या धोतराचं फडकं गुंडाळून बंदूक आडवी ठेवा. पावसाच्या माऱ्याची भिंत आणि स्वयंपाकघराची भिंत टाळा. आणि खंडेनवमीला पूजा जरूर करा, फक्त गंध-कुंकू दस्त्याला न लावता खाली पसरलेल्या वस्त्राला लावा. झेंडू आणि आपट्याची पानं वर ठेवा आणि संध्याकाळी उचला, ओली फुलं रात्रभर लाकडावर राहू देऊ नका. तेलाचा मान द्यायचा असेल तर त्या बाटलीतलं अर्धा चमचा जवस, घरातल्या थोरल्या माणसाच्या तळहातानं, आणि वीस मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पुसून.